गाडी परत दिली, मग चलान आलं

साताऱ्याहून एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मेव्हण्याच्या लग्नासाठी ते पुण्यात आले होते. शुक्रवारी संध्याकाळी विमाननगरच्या एका सेल्फ-ड्राइव्ह कंपनीकडून त्यांनी स्वतः चालवायला छोटी गाडी भाड्यानं घेतली आणि सोमवारी, १६ तारखेला, सकाळी दहा वाजता तिथंच परत केली. अकरा दिवसांनी ५,००० च्या डिपॉझिटमधले २,५०० कापून बाकीचे खात्यावर आले. मेसेजमध्ये कारण होतं: नो-पार्किंगची दोन चलानं, एक ५०० चं आणि एक १,५०० चं, वर प्रत्येकी २५० रुपये 'प्रोसेसिंग'. पहिलं चलान शनिवारी, १४ तारखेला, सदाशिव पेठेतलं. दुसरं सोमवारचं, विमाननगरमधलं. त्यांचं म्हणणं, गाडीचा मालक मी नाही, मला कुणी पोलीस भेटला नाही, मग दंड माझ्याकडून कसा? आणि कापलेले पैसे परत मिळतात का?

मिळतात. सगळे नाही, पण तुमच्या बाबतीत बरेचसे मिळायला हवेत. मी पुण्यात भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात चौदा वर्षं आहे आणि त्यातली सात वर्षं चलानांचं टेबल माझ्याकडे होतं. रोज सकाळी आमच्या गाड्यांचे नंबर एकेक करून तपासायचे, नवं चलान दिसलं की त्या वेळी गाडी कोणाकडे होती ते रजिस्टरवरून काढायचं आणि त्याच्या डिपॉझिटमधून रक्कम वळती करायची, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या मेसेजमधल्या दुसऱ्या ओळीवर माझी नजर लगेच थांबली. सोमवारचं चलान, आणि गाडी सोमवारीच सकाळी परत. इथं तारीख बघून भागत नाही, वेळ बघावी लागते.

आधी दंड तुमच्याकडे कसा आला ते सांगतो. चलान फाटतं ते गाडीच्या नंबरावर. पोलीस हातातल्या यंत्रानं गाडीचा फोटो काढतो, नंबर टाकतो, आणि मेसेज जातो आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राला, जोडलेल्या मोबाइलवर. भाड्याच्या गाडीत तो मोबाइल कंपनीचा असतो. म्हणजे तुमच्या हातून चूक झाली तरी ती पहिल्यांदा कळते कंपनीला, तुम्हाला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकानं सांगायचं असतं. प्रत्यक्षात पार्किंगच्या पाचशे रुपयांसाठी कुठलीही कंपनी नाव-पत्ता कळवत बसत नाही. दंड भरून मोकळी होते आणि तुमच्या डिपॉझिटमधून कापते. तसं करण्याचा अधिकार तिला तुम्ही सही केलेल्या करारातून मिळतो. करारात वाहतुकीच्या दंडाचं कलम बहुतेक वेळा मागच्या पानावर असतं, आणि गाडी घेण्याच्या घाईत ते कुणी वाचत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, कंपनीच्या मेसेजवर विसंबू नका, चलान स्वतः उघडून बघा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की त्या गाडीवरची चलानं दिसतात. हे चार आकडे आरसीवर असतात. आरसीचा फोटो तुमच्याकडे नसेल तर कंपनीकडून दोन्ही चलानांचे नंबर मागून घ्या, त्यावरूनही शोधता येतं. चलानाबरोबर फोटो असतो. तो मोठा करून बघा. नंबरप्लेट नीट दिसते का, मागं कुठलं दुकान आहे, पाटी आहे का, फुटपाथ कसा आहे, आणि मुख्य म्हणजे तारखेपुढं लिहिलेली वेळ.

या वेळेवरून माझ्या टेबलावर एकदा झालेली चूक सांगतो, कारण ती तुमच्या प्रकरणाशी थेट जुळते. सोलापूरच्या एक बाई आमच्याकडून गाडी घेऊन गेल्या होत्या. सकाळी साडेनऊला त्यांनी गाडी परत केली, अकराला तीच गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकानं नेली आणि सव्वाबाराला तिच्यावर नो-पार्किंगचं चलान झालं. रजिस्टरमध्ये त्या तारखेपुढं आधी त्यांचं नाव होतं. माझ्या हाताखालच्या मुलानं तारीख जुळवली आणि पैसे त्यांच्या डिपॉझिटमधून कापले. मीही न बघता सही केली. दोन दिवसांनी त्यांनी एक फोटो पाठवला. गाडीचा डॅशबोर्ड, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, आणि शेजारी स्क्रीनवर घड्याळ: ९:३४. काचेतून मागं आमच्या ऑफिसची पायरी दिसत होती. बोलायला जागाच नव्हती. त्याच दिवशी पैसे परत केले, माफी मागितली. त्या दिवसापासून आमच्याकडे वेळ जुळवल्याशिवाय एकही कपात झाली नाही. पण सगळीकडे तसं होत असेल असं मी म्हणणार नाही. एक गाडी एका दिवसात दोन हातांतून जाते आणि चलान येतं ते दहा-दहा दिवसांनी. अशी गल्लत सहज होते, आणि ती बहुतेक वेळा मुद्दाम केलेली नसते.

तुमचं सोमवारचं चलान दहानंतरचं निघालं, तर ते तुमचं नाही. मग पुरावा गोळा करा. गाडी परत केल्याची पावती किंवा अ‍ॅपमधली नोंद, त्या वेळचा कंपनीशी झालेला कॉल किंवा व्हॉट्सअ‍ॅप, तिथून निघताना केलेल्या कॅबचं बिल, मोबाइलमधली लोकेशनची नोंद, जे असेल ते. एकच पुरावा ठाम असेल तरी पुरतो. कॅबचं बिल मला फार आवडतं, कारण त्यात ठिकाण आणि वेळ दोन्ही छापलेली असतात आणि ते तिसऱ्याच कंपनीचं असतं.

आता १,५०० कसे झाले? वाढीव दंड महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा तोच गुन्हा केला की १,५००. यातला 'पुन्हा' हा शब्द भाड्याच्या गाडीला फार जड जातो. नोंद गाडीच्या नंबरावर असल्यामुळे आधीच्या गिऱ्हाइकाची चूक पुढच्याच्या अंगावर येऊ शकते. तुमच्या गाडीचं शनिवारी एक चलान झालं होतं, म्हणून सोमवारी ज्यानं कुणी ती चुकीच्या जागी लावली त्याला थेट दीड हजार लागले, असं मला दिसतं. हे मला आजही खटकतं. ज्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा चूक केली त्याच्याकडून दुसऱ्या खेपेचा दंड जातो. कोणाला असं चलान आलं असेल आणि गाडीवरचं आधीचं चलान त्याच्या ताब्याच्या आधीचं असेल, तर ही गोष्ट कंपनीला लेखी दाखवावी. वरच्या हजार रुपयांची जबाबदारी एकट्या गिऱ्हाइकावर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि समजूतदार मालक ते मान्य करतात.

शनिवारच्या चलानाचं मात्र बहुधा काही करता येणार नाही. तुम्ही लिहिलंय की गल्लीत बाकीच्याही गाड्या लावलेल्या होत्या. पुण्याच्या पेठांत आणि डेक्कनच्या बाजूला अनेक रस्त्यांवर पी१, पी२ अशा पाट्या आहेत. पी१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी२ च्या बाजूला सम तारखेला. शनिवारी १४ तारीख होती, म्हणजे पी२ ची बाजू बरोबर. बाहेरून आलेल्या माणसाला ही पाटी दिसली तरी उमगत नाही, आणि पाटी झाडामागं किंवा फ्लेक्सखाली गेलेली असेल तर पुणेकरालाही दिसत नाही. फोटोत पाटी नसेल तर एकदा कुणा नातेवाइकाला तिथं पाठवून त्या जागेचा फोटो मागवा. पाटी खरंच झाकलेली असेल तर तक्रारीला आधार आहे. पाटी स्पष्ट असेल तर ५०० रुपये तुमचे, ते मान्य करा. शेजारी दहा गाड्या होत्या हा बचाव कुठंच चालत नाही.

जाता जाता सांगतो, लक्ष्मी रस्ता किंवा तुळशीबागेत खरेदी असेल तर भाड्याची गाडी पेठेत घालूच नका. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू आहे आणि मंडईला स्टेशन आहे. गाडी न्यायचीच असेल तर मंडईजवळचं आर्यन किंवा नारायण पेठेतलं हमालवाडा ही महापालिकेची वाहनतळं गाठा. लग्नसराईत तिथंही रांग असते, तरी रांगेतला अर्धा तास चलानापेक्षा बरा.

आता कंपनीला लिहायचं. फोन करू नका. फोनवर समोरचा 'बघतो' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसराच कोणी असतो. ई-मेल करा आणि त्यात भावना न घालता एवढंच लिहा:

"माझं बुकिंग अमुक नंबरचं. गाडी सोमवारी सकाळी १०:०० वाजता परत केली, पावती सोबत जोडली आहे. माझ्या डिपॉझिटमधून कापलेल्या १,५०० रुपयांच्या चलानाची वेळ त्यानंतरची आहे, चलानाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. त्या वेळी गाडी माझ्या ताब्यात नव्हती. कृपया १,५०० आणि त्यावरचे २५० असे १,७५० रुपये सात दिवसांत परत करावेत. तसंच ५०० रुपयांच्या चलानाची, आपण दंड भरल्याची सरकारी पावती आणि २५० रुपये आकार करारातल्या ज्या कलमाखाली घेतला ते कलम पाठवावं."

वेळ आणि नंबर तुमच्या कागदांप्रमाणे भरा. यातली सरकारी पावतीची मागणी सोडू नका. कंपन्यांकडे शेकडो गाड्या असतात, आणि त्या प्रत्येक चलान त्या क्षणी भरतातच असं नाही. काही जण चलानं साठवतात आणि राष्ट्रीय लोकअदालतीत एकगठ्ठा मिटवतात. तिथं वाहतुकीची चलानं तडजोडीनं निघतात आणि कधी कधी रक्कम कमी होते. गिऱ्हाइकाकडून पूर्ण रक्कम घ्यायची आणि सरकारला कमी भरायची, हे मी या धंद्यात पाहिलंय आणि मला ते कधीच पटलं नाही. पावतीवर जो आकडा आहे तोच तुमच्याकडून जायला हवा. पावतीच नसेल, म्हणजे चलान अजून 'अनपेड' दिसत असेल, तर तुम्ही पैसे दिले पण दंड भरलाच गेला नाही, असा अर्थ. हे संकेतस्थळावर तुम्हाला स्वतःला दिसतं.

२५० रुपयांच्या 'प्रोसेसिंग'बद्दल तुम्ही रागानं लिहिलंय. त्याबाबतीत मी थोडा कंपनीच्या बाजूनं बोलेन. चलान तपासणं, वेळ जुळवणं, भरणं, गिऱ्हाइकाला कळवणं याला माणूस लागतो. करारात रक्कम आधी छापली असेल तर ती घेणं गैर नाही. पण करारात नसेल, किंवा 'योग्य तो आकार' असं मोघम असेल, तर अडून बसा. आणि न तपासता केलेल्या चुकीच्या कपातीवर तपासणीचे २५० घेणं कुठल्याही हिशेबात बसत नाही.

पोलिसांकडेही दाद मागता येते. चलान चुकीचं वाटत असेल, म्हणजे नंबर भलताच वाचलाय, फोटोतली गाडी वेगळीच आहे, पाटी नव्हती, तर त्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. फोटो आणि दोन ओळी पुरेत. काम अडलं तर त्या भागाच्या वाहतूक विभागाच्या ऑफिसात किंवा येरवड्याच्या वाहतूक शाखेत जायचं. तिथं आरसी मागतात, आणि आरसी कंपनीच्या नावावर, म्हणून करार आणि कंपनीचं साधं पत्र बरोबर न्यावं. एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या. ऑनलाइन भरतो तो दंड म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क. ते भरलं की चूक मान्य केल्यासारखंच आहे, नंतर तक्रारीला अर्थ राहत नाही. वाद घालायचा असेल तर तो भरण्याआधी, आणि कंपनीलाही तसं लगेच कळवायचं: 'या चलानावर तक्रार केली आहे, निकाल लागेपर्यंत भरू नका.' म्हणून चलान लवकर दिसणं इतकं महत्त्वाचं. गाडी परत केल्यावर महिनाभर आठवड्यातून एकदा तिचा नंबर टाकून बघत जा. कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत मालकाला जायला हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ सांगतो. डिपॉझिट इतके दिवस अडकवून ठेवण्यामागं कंपन्यांचं कारण हेच असतं.

चलान मागून आलं तर निदान कागदावर लढता येतं. गाडीच जागेवर नसेल तर माणूस हबकतो. आमच्या गिऱ्हाइकांचे चोरीच्या भीतीनं आलेले दहा फोन असतील तर नऊ वेळा गाडी टोइंगवाल्यांनी उचललेली असायची. अशा वेळी आधी जवळच्या चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारा, गाडी कुठल्या विभागात नेलीय ते त्याला माहीत असतं. मग कंपनीला फोन, आरसीचा फोटो मागवा आणि करार दाखवून गाडी सोडवा. दंडाबरोबर टोइंगचा आकार वेगळा लागतो. दोन्हीची पावती यंत्रातून निघते. पावतीशिवाय रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका, मग तो कितीही घाईत असो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढा, बंपरच्या खालूनसुद्धा. क्रेनवर चढवताना बंपर घासला तर तो खर्चही तुमच्याच डिपॉझिटवर येणार आहे. आणि चाकाला जॅमर असेल तर काचेवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेल्या नंबरवर फोन करून थांबा. जॅमर लागलेला असताना गाडी पुढं ढकलायचा प्रयत्न एका मुलानं केला होता, आणि पाचशेच्या दंडावर अलॉय व्हीलचं बिल आलं.

अलीकडे आणखी एक त्रास वाढलाय. 'तुमच्या गाडीचं चलान' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती उघडली की मोबाइलचा ताबा जातो आणि बँक खातं रिकामं होतं. भाड्याची गाडी नुकतीच चालवलेली असते, मनात धाकधूक असते, म्हणून माणूस पटकन दाबतो. खरं चलान कधीही फाइल उतरवून घ्यायला सांगत नाही. दंड भरायच्या संकेतस्थळाचं नाव जीओव्ही डॉट इन (gov.in) असं संपतं का एवढं बघा, आणि लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाका.

पुढच्या वेळी गाडी घेताना पाच मिनिटं जास्त द्या. प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते बघा, सेल्फ-ड्राइव्हचा परवाना असलेल्या गाडीची प्लेट तशी असते. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तिथं करार नसतो, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि चलानाचा हिशेब मालकाच्या लहरीवर. आरसीचा फोटो काढा. त्या काउंटरवरच नंबर टाकून गाडीवर आधीची चलानं किती आहेत ते बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. घेताना आणि देताना डॅशबोर्डचा फोटो काढा, घड्याळासकट. गाडी देताना ऑफिस बंद असेल आणि चावी वॉचमनकडे किंवा पेटीत टाकायला सांगितली, तर त्या जागेचा व्हिडिओ काढून त्याच क्षणी कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. सोलापूरच्या त्या बाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा मुलगा वाहनांच्या शोरूममध्ये कामाला होता, त्यानं फोटो काढायची सवय लावली होती.

तुमच्या कंपनीनं सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरेचसे विषय तिथंच मिटतात, कारण तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत जाते. डिपॉझिट क्रेडिट कार्डानं दिलं असेल तर चुकीच्या कपातीबद्दल बँकेकडेही वाद नोंदवता येतो, पण तिथं मुदत कमी असते, लगेच करा. त्यानंही भागलं नाही तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला साताऱ्यातच करता येईल, पुण्याच्या चकरा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १,७५० रुपयांसाठी कोण एवढं करणार, असं कंपन्या धरून चालतात. आयोगाची पहिली नोटीस गेली की बहुतेक जण पैसे पाठवतात.

आज रात्री फक्त एक काम करा. दुसऱ्या चलानाचा नंबर मागवून त्याची वेळ बघा. ती दहाच्या आधीची निघाली तर माझं वरचं बरंच म्हणणं तुम्हाला लागू नाही, आणि मग फोटोतली जागा तुम्ही गाडी परत करायला गेलात त्या रस्त्यावरची आहे का ते तपासायचं. विमाननगरमध्ये कंपन्यांच्या ऑफिसांसमोर गाड्या परत घेतानाच दुहेरी रांग लागते. तिथं कर्मचाऱ्यानं चावी घेऊन गाडी रस्त्यावरच ठेवली आणि चलान झालं असेल, तर ते कंपनीचं. चावी किती वाजता दिली याची नोंद काढा आणि मेलमध्ये तीच वेळ लिहा.